बंद दार एकच आहे

माझे बालपण अहमदनगरच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेले आणि लग्नानंतरची बावीस वर्षे गोव्यातल्या एका कॅथलिक घरात, त्यामुळे चर्चमध्ये स्त्रीचे स्थान कोणते, हा वाद मी दोन्हीकडच्या बाकांवर बसून ऐकला आहे. माहेरी तो बायबलमधल्या पौलाच्या पत्रांपाशी येऊन थांबत असे, सासरी तो रोमच्या पत्रापाशी थांबतो.

रोमचे पत्र म्हणजे पोप जॉन पॉल दुसरे यांचे मे १९९४ मधले. स्त्रियांना याजकपदाची, म्हणजे धर्मगुरूपदाची, दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मला ते पटत नाही, पण आज त्यावर वाद घालायचा नाही. ते दार बंद आहे असे धरून चालू; मग बाकीची दारे कोणी लावून घेतली? त्याच वर्षी मार्चमध्ये, वेदीवर मुलींनी सेवा करावी की नाही, हा निर्णय रोमने बिशपांवर सोपवला होता. २०१६ पासून पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांचेही पाय धुता येतात. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चचा कायदाच बदलून वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली केली. पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, आर्थिक समितीवर बसायला तर दीक्षा लागतच नाही, आणि तिथे बाईने बसू नये असे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही.

आमच्याकडे फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आदल्या दुपारी चर्चमध्ये जाऊन पाहावे. पितळी मेणबत्तीदाण्यांवर साचलेले मेण गरम पाणी ओतून, बोथट सुरीने खरवडत सासूबाई आणि त्यांच्या वयाच्या चारपाच बायका जमिनीवर बसलेल्या असतात. वेदीवरचे कापड खळ घालून कोणाच्या तरी घरून इस्त्री होऊन येते. संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगणारी बाईच असते. बाजूच्या खोलीत छपराच्या खर्चाची बैठक चाललेली असते आणि तिथे आम्ही जातो ते चहाचा ट्रे घेऊन. गंमत अशी की, वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याचा नागरी कायदा लग्नाबरोबर पत्नीला निम्म्या मालमत्तेची वाटेकरीण करतो, आणि घर विकायचे झाले तर तिची सही लागते. घराच्या छपराबद्दल जिचे मत कायद्याने विचारावे लागते, तिला चर्चच्या छपराबद्दल कोणी विचारत नाही. का, असे मी एकदा विचारले, तेव्हा उत्तर आले, ‘बायकांना याजक होता येत नाही ना.’ मी कौलांबद्दल विचारत होते.

माहेरच्यांनी यावर हसू नये. आमच्या मंडळीत ‘पाळकीणबाई’ म्हणजे स्त्री पाळक नव्हे, तर पाळकांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, पत्नी. रविवारची शाळा, महिला मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी असे पाळकाचे निम्मे काम बिनपगारी करणारी. स्त्रियांनी सभेत गप्प राहावे, हे पौलाने करिंथकरांस लिहिलेले वाक्य तिथे सर्वांना पाठ होते. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात सभेत प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक आच्छादावे असे पौल सांगतो, म्हणजे ती बोलत होती हे त्याने गृहीतच धरले आहे, याची आठवण कोणी काढत नसे. रोमकरांस पत्राच्या शेवटी तो फिबी नावाच्या ज्या बाईची शिफारस करतो, तिच्यासाठी वापरलेला ‘दियाकोनोस’ हा ग्रीक शब्द पुढे चर्चमधल्या ‘डीकन’ या पदाचे नाव झाला.

आणि पंडिता रमाबाई? १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली होती. पुढे याच बाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते वाचायला पुरुषांना मज्जाव असल्याचे ऐकिवात नाही.

यंदा आमच्या आर्थिक समितीत दोन जागा रिकाम्या झाल्या आहेत. मी माझे नाव दिले आहे. घरी सांगितले तेव्हा वाटले होते, सासूबाई नाराज होतील. त्यांनी नखातले मेण काढत एवढेच म्हटले, ‘पयलीं वातींचो हिशेब पळय.’ म्हणजे, आधी मेणबत्त्यांचा हिशेब बघ.