मालकाचं उत्तर: ती अक्षरं आम्ही मुद्दाम ठेवलीत, ताई, कृपया शेवटपर्यंत वाचा

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. इतर लोकपण हे वाचणार म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात लिहितो. घरचा काँप्युटर चालू केला की टीव्हीवर सुरुवातीला बारीक बारीक अक्षरं आणि नाचणाऱ्या रेघा यायच्या, काही वाचता येत नव्हतं, मग डेस्कटॉप येऊन सगळं नीट चालायचं. एवढ्याशा कामासाठी आम्ही मशीन चवथीच्या तोंडावर अडकवून ठेवलं, केबल घेऊन या म्हणून परत पाठवलं, ९०० रुपये घेतले, आणि आता चालू करताना आधीपेक्षा जास्त अक्षरं येतात, तीही मोठी मोठी. वर नवीन डिस्क घ्या म्हणून सांगितलं, म्हणजे लुटायचा धंदा. आणि पुण्याचा भाचा म्हणतो एका शब्दाचं काम होतं, क्वायट लिहिलं की अक्षरं गायब.

राग समजतो. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मशीन दुकानात असणं कुणालाच आवडणार नाही. पण यातली एक गोष्ट खरंच तातडीची आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी भाच्याचा मुद्दा, कारण सगळं तिथेच आहे. क्वायट हा शब्द तुमच्या मशीनमध्ये आधीपासून होता. उबुंटू (तुमच्या मशीनवरची लिनक्स सिस्टीम) टाकलं की क्वायट आणि स्प्लॅश (सुरुवातीला लोगोचं चित्र दाखवणारा शब्द) हे दोन्ही बूटच्या ओळीत, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टीमला दिलेल्या सूचनांच्या ओळीत, आपोआप येतात, आम्ही मशीन उघडलं तेव्हा ते तिथेच होते. आता क्वायट नक्की काय करतं बघा. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सुरू होताना जे काही बोलतो त्या प्रत्येक ओळीला ० ते ७ असा एक नंबर असतो, ० म्हणजे एकदम गंभीर आणि ७ म्हणजे नुसती बारीकसारीक माहिती. क्वायट असलं की ४ आणि त्याच्या पुढचं सगळं स्क्रीनवर यायचं बंद होतं, पण ० ते ३ येतातच, आणि ३ म्हणजे एरर. म्हणजे क्वायट असूनसुद्धा तुमच्या टीव्हीवर लोगोच्या आधी ज्या ओळी येत होत्या त्या नेहमीची बडबड नव्हती, त्या एरर होत्या. मला पहिल्याच दिवशी काळजी वाटली ती यामुळेच, आणि म्हणूनच वाचल्याशिवाय त्या झाकायच्या नाहीत असं ठरवलं.

आता वाचता का येत नव्हत्या ते. दुकानात आमच्या मॉनिटरला लावलं तर रेघ नाही, काही नाही, स्वच्छ. कारण आमचा मॉनिटर १९२०×१०८० चा आहे आणि तुमच्या हॉलमधला टीव्ही फोर-के, म्हणजे ३८४०×२१६०, बरोब्बर चौपट पिक्सेल. तुमच्या डेस्कटॉपची सेटिंग कुणीतरी आधीच १९२०×१०८० करून ठेवलेली, त्यामुळे डेस्कटॉप आला की सगळं बरं दिसायचं, पण ती सेटिंग डेस्कटॉपची, बूट होताना ती लागू होत नाही. तेव्हा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीन चालवणारा प्रोग्राम) टीव्हीला विचारतो तुझं रिझोल्यूशन काय, टीव्ही सांगतो फोर-के, आणि ड्रायव्हर तेच लावतो. मग कर्नलची नेहमीची अक्षरं ८ पिक्सेल रुंद आणि १६ उंच धरली तर फोर-के वर एका ओळीत ४८० अक्षरं बसतात आणि अशा १३५ ओळी. सोफ्यावर बसून ते कोण वाचणार? मुंग्यांची रांगच दिसणार.

आणि रेघा केबलच्या. म्हणूनच केबल आणा म्हटलं होतं, तुम्हाला हेलपाटा घालायला लावायचा म्हणून नाही. ६० हर्ट्झवर फोर-के पाठवायला एचडीएमआय २.० ची सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंतची क्षमता लागते, तुमची केबल जुनी, आणि टीव्हीकडच्या टोकाला आतल्या पिनांवर हिरवट थर चढलेला. भिंगातून बघितल्यावर स्पष्ट दिसला, तुम्हालापण दाखवला होता. आपल्याकडे पावसात हे होतंच, चार महिने हवेत ओल, आणि टीव्हीमागची केबल कोण काढून पुसतं. अशी केबल १०८० कसंबसं ओढते पण फोर-के म्हटलं की डेटा गाळते आणि त्याच रेघा होऊन नाचतात. तुमच्या केबलवर आमच्याकडचा फोर-के टीव्ही लावला, रेघा हजर. केबल बदलली, रेघा गेल्या. काँप्युटर आतून साफ केला (रस्त्यावरची लाल धूळ पंख्यात नुसती थापून बसलेली) त्याचे पैसे लावलेले नाहीत, बिलात तपासणी आणि केबल एवढंच आहे.

मग अक्षरं मोठी केली. बूटच्या ओळीत व्हिडिओ १९२०×१०८० असं लिहिलं आणि कर्नलमधलाच टर्मिनस नावाचा १६×३२ चा फाँट लावला, आता एका ओळीत १२० अक्षरं आणि स्क्रीनवर ३३ ओळी, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतात. स्प्लॅश काढला कारण तो या सगळ्यावर चित्र घालतो, आणि क्वायटपण काढला. तुम्हाला आता जास्त अक्षरं दिसतात ती यामुळे. मशीन बिघडलेलं नाही, बहुतेक ओळी नुसती हजेरी आहे, अमुक पोर्ट सापडला, तमुक कार्ड सापडलं.

पण सगळ्या नाही, आणि इथे मात्र थांबून वाचा. अक्षरं वाचता आल्यावर जे दिसलं ते असं: एटीए१ वर फेल्ड कमांड, रीड एफपीडीएमए क्यूड, त्याखाली एरर यूएनसी, आणि मग आय/ओ एरर, डेव्ह एसडीए, पुढे सेक्टरचा नंबर. एटीए१ म्हणजे डिस्क जोडलेला पोर्ट, एसडीए म्हणजे तुमची डिस्क, आणि सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटासा कप्पा. यूएनसी म्हणजे अनकरेक्टेबल, डिस्कने वाचायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही. अशा वेळी आधी डिस्कच्या साटा केबलवर संशय घ्यायचा असतो, आम्हीपण घेतला, केबल बदलली, पोर्ट बदलला. केबलचा दोष असला तर सहसा सीआरसीच्या (डेटा वाटेत बिघडल्याच्या) एरर येतात, तुमच्याकडे तो आकडा जागचा हलला नाही आणि यूएनसी मात्र येतच राहिले. स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो रिपोर्ट काढला तर पेंडिंग (वाचता न आलेले, संशयित) सेक्टर आहेत आणि रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) पण आहेत. म्हणजे डिस्कची प्लेटच जायला लागली आहे. रोज एरर येत नव्हती, गार मशीन सकाळी चालू केलं की यायची, दुपारी रीस्टार्ट केलं तर नाही, त्यामुळे प्रत्येक सकाळची वाट बघावी लागली. वेळ लागला तो इथे.

तुम्ही म्हणालात सरळ फॉरमॅट मारून नवीन टाका. मारलं नाही. एफएससीके (डिस्कवरची फायलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) पण चालवलं नाही, कारण ते दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं, आणि जी डिस्क वाचायलाच अडखळतेय तिच्यावर बॅकअपच्या आधी काही लिहायचं नसतं. आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचवायच्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची कॉपी, चांगला भाग आधी आणि अडलेला भाग मागाहून, आणि मग जे काय करायचं ते त्या कॉपीवर. हे तुम्हाला काउंटरवर सांगितलं, बिलाच्या मागे लिहूनपण दिलं, तेव्हा घरी चवथीची गडबड होती, डिस्क मागाहून आणते म्हणून तुम्ही मशीन नेलंत. त्यात हरकत काहीच नाही. पण त्यानंतर तुम्ही आला नाहीत, आणि त्या डिस्कवर काय काय आहे ते तुम्हालाच माहीत, आम्ही लोकांच्या फायली उघडून बघत नाही.

नवीन डिस्क आमच्याकडूनच घ्या असं अजिबात नाही. म्हापशात घ्या, पणजीत घ्या, ऑनलाईन मागवा, आणि तुमच्या पाचशे जीबीच्या डिस्कसाठी तेवढीच किंवा मोठी चालेल. जोडून द्यायचे पैसे घेणार नाही.

भाच्यालापण दोष देत नाही, पुण्यात बसून फोनवर त्याला रेघा कशा दिसणार. त्याला एवढंच करायला सांगा. मशीन चालू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणायचा (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचं), ई दाबायचं, आणि लिनक्सपासून सुरू होणाऱ्या ओळीत आम्ही काय लिहिलंय ते त्याने स्वतः वाचायचं. तिथे बदल केला तर तो त्या एका बूटपुरताच राहतो, त्यामुळे भीती नाही, कंट्रोल एक्स दाबून पुढे जायचं. आत गेल्यावर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) जर्नलसीटीएल ही कमांड, मग के, बी आणि वजा १ चे ऑप्शन दिले की मागच्या बूटचे कर्नलचे सगळे मेसेज पानावर येतात, ते त्याने वाचले तर मी काय म्हणतोय ते त्याला लगेच कळेल.

ज्यांना हाच त्रास आहे आणि हे वाचताहेत त्यांच्यासाठी थोडं. मशीन डेस्कटॉपपर्यंत पोचत असेल तर स्क्रीनवर काय पळालं याची चिंता नको, सगळं लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीत, सापडतं. पण डिस्क माउंट व्हायच्या (सिस्टीमला वापरायला जोडली जायच्या) आधीच मशीन अडकत असेल तर ते मेसेज फक्त मेमरीत असतात, बटण दाबून बंद केलं की गेले, आणि मग स्क्रीन हाच एक पुरावा. ड्रायव्हर आला की अक्षरं फुटत असतील तर त्याच ओळीत नोमोडसेट लिहून बघा, ड्रायव्हर रिझोल्यूशन बदलत नाही आणि फर्मवेअरने (मशीनमधल्या मूळ प्रोग्रामने) दिलेल्याच स्क्रीनवर अक्षरं राहतात, पण ते तपासण्यापुरतंच, कायम ठेवलं तर डेस्कटॉप रडतखडत चालेल. ओळी फार जोरात पळत असतील तर बूट डिले म्हणून ऑप्शन आहे, प्रत्येक ओळीनंतर किती मिलिसेकंद थांबायचं ते सांगता येतं, कर्नलमध्ये ती सोय घातलेली असेल तर. नाहीतर मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, आम्हीपण दुकानात तेच करतो. शिफ्ट पेज-अप करून वर सरकायचा जुना सल्ला आता विसरा, कर्नल ५.९ पासून म्हणजे २०२० पासून ती सोय काढून टाकली आहे. आणि दुकानात नेताना केबल सोबत न्या, टीव्हीला जोडत असाल तर टीव्हीचं मॉडेल लिहून न्या.

ताई, स्टार दोन ठेवा नाहीतर एक करा, तो तुमचा हक्क आहे. फक्त डिस्क बदलेपर्यंत मशीन उगाच चालू-बंद करू नका आणि महत्त्वाचं जे असेल ते आजच पेनड्राईव्हवर घ्या. एखादी फाईल कॉपी होताना अडकून राहिली तर तिच्यामागे लागू नका, ती सोडून पुढची घ्या, आणि मशीन बंद करून आमच्याकडे आणा. गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं, बाकी सकाळी साडेनऊपासून आम्ही आहोतच. डिस्क बदलून झाली की क्वायट आणि स्प्लॅश दोन्ही परत घालून देतो, मग तुम्हाला नुसता लोगो दिसेल.