‘केमो नको, सोडा प्या’ : त्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

मूत्राशयाच्या कॅन्सरचं निदान झालं की पेशंटच्या फोनवर एक संदेश हमखास येऊन पडतो. पाठवणारा काळजीपोटीच पाठवतो, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येत नाही. संदेशाचा सारांश असा: केमोने शंभरातल्या दोघांनाच गुण येतो, ती मुळात युद्धातल्या विषारी वायूपासून बनली, कॅन्सरच्या आधी माणूस उलट्यांनीच खंगतो, त्यापेक्षा रोज पाण्यातून खाण्याचा सोडा घ्या, गाठ विरघळेल, आणि केमो घेतलीच असेल तर तापाला घाबरू नका, विष बाहेर पडतंय. मी डॉक्टर नाही. सिस्प्लॅटिन आणि जेमसायटाबिन या केमोच्या दोन औषधांच्या सायकल (ठरावीक अंतराने दिलेल्या डोसांच्या फेऱ्या) घेतलेला पेशंट आहे, आणि हा संदेश वाचून कुणी डोस चुकवू नये एवढ्यासाठी लिहितोय.

‘शंभरातल्या दोघांनाच गुण येतो.’

हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो लोकांना पटतो. 2004 साली ऑस्ट्रेलियातल्या तीन डॉक्टरांनी ‘क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रौढांच्या 22 कॅन्सरांचा हिशेब मांडला होता. पाच वर्षं जगण्यात केमोचा वाटा ऑस्ट्रेलियात 2.3 टक्के आणि अमेरिकेत 2.1 टक्के, असं त्यांचं उत्तर होतं. पण त्यांनी भागाकार केला तो नव्याने निदान झालेल्या सगळ्या पेशंटांच्या संख्येने. जे निव्वळ ऑपरेशनने बरे झाले, ज्यांना केमो कधी द्यायचीच नव्हती, तेही त्यात आले. आणि ज्या ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरात) केमो हाच मुख्य उपचार, तोच हिशेबातून वगळलेला. गावातल्या धडधाकट नजरेच्या लोकांनाही मोजून ‘चष्म्याचा उपयोग फारच थोड्यांना होतो’ म्हणण्यातला हा प्रकार.

मूत्राशयापुरतं बोलायचं तर आकडे वेगळे आहेत. कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेल्या पेशंटांवरची एक मोठी अमेरिकन चाचणी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. थेट ऑपरेशन झालेल्या गटातले निम्मे लोक 46 महिन्यांपुढे जगले; आधी तीन सायकल केमो आणि मग ऑपरेशन झालेल्या गटात हाच आकडा 77 महिने होता. काढलेल्या मूत्राशयात कॅन्सर अजिबात न सापडण्याचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर गेलं. अशा अनेक चाचण्या एकत्र केल्या की फायदा आटतो: पाच वर्षांनी हयात असणारे शंभरामागे साधारण पाचाने वाढतात. हे पाच कमी वाटले तर वाटू देत, मला ते कमी वाटले नाहीत.

केमोला पर्याय निघतच नाहीत असंही नाही. पसरलेल्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांच्या जोडीने केमोला मागे टाकलं; निम्मे पेशंट 16.1 ऐवजी 31.5 महिन्यांपुढे गेले. पण ते सिद्ध झालं ते केमोशी समोरासमोर तुलना करून. शिवाय यातलं पहिलं औषध म्हणजे केमोसारखंच पेशी मारणारं रसायन, फक्त पत्ता लिहून, थेट कॅन्सरच्या पेशींकडे पाठवलेलं.

‘विषारी वायूपासून बनली.’

केमोचा इतिहास मस्टर्ड वायूच्या जातकुळीतल्या रसायनापासून सुरू होतो, हे खरं. मूत्राशयासाठी वापरतात ते सिस्प्लॅटिन त्या घराण्यातलं नव्हे. 1965 च्या सुमारास बार्नेट रोझेनबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं ते विजेने नव्हे, तर प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या संयुगांमुळे. आणि समजा घराणं तेच असतं, तरी काय बिघडलं असतं?

‘उलट्यांनीच माणूस खंगतो.’

इथे संदेश जुन्या काळात अडकलाय. उलटीचं औषध न देता सिस्प्लॅटिन दिलं तर नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना उलट्या होतात, हे खरंच आहे. पण उलटी रोखणारं ऑन्डान्सेट्रॉन 1991 पासून आहे, अ‍ॅप्रेपिटंट 2003 पासून. सोबत डेक्सामेथासोन, आणि हल्ली ओलान्झापिनही देतात. खरी गोची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. डोसच्या दिवशी बरं वाटतं, माणूस म्हणतो ‘मला काहीच झालं नाही’, घरी दिलेल्या गोळ्या डबीतच राहतात, आणि मग मळमळ गाठते. ती चढल्यावर आवरणं अवघड. गोळ्या घड्याळ लावून घ्यायच्या, लक्षणाची वाट पाहत बसायचं नाही.

उलट्यांच्या गोंगाटात संदेश ज्यांची नावंही घेत नाही, त्या त्रासांकडे जास्त लक्ष हवं. सिस्प्लॅटिन किडनीला झोंबतं, म्हणून आधी-नंतर सलाईन, त्यात मॅग्नेशियम, आणि लघवी मापाच्या भांड्यात मोजणं. ते भांडं धरून उभं राहायची लाज पहिल्या दिवसापुरतीच. पाणीसुद्धा धातूसारखं लागतं. कानात बारीक शिट्टी वाजते, बोटांना मुंग्या येतात, शर्टाचं बटण काजात जाईना. असल्या गोष्टी ‘किरकोळ’ म्हणून दडवू नका. सिस्प्लॅटिनने गेलेली ऐकण्याची ताकद बहुधा परत येत नाही. वेळेत सांगितलं तर डॉक्टर डोस विभागून देऊ शकतात किंवा औषध बदलू शकतात. केसांचं म्हणाल तर सिस्प्लॅटिन-जेमसायटाबिनच्या जोडीत ते बऱ्याचदा विरळ होतात, सगळे जातातच असं नाही.

‘सोडा प्या, गाठ विरघळेल.’

सोड्याने लघवी अल्कधर्मी होते, पण गाठ विरघळत नाही. गंमत अशी की मूत्राशयाच्या उपचारात सोड्याला खरंच जागा आहे. कॅन्सर आतल्या अस्तरापुरताच असेल तर मायटोमायसिन हे निळसर-जांभळं औषध कॅथेटरने (बारीक नळीने) थेट मूत्राशयात सोडतात आणि तास-दोन तास धरून ठेवायला सांगतात. ही पण केमोच, पण रक्तात फारशी उतरत नाही, त्यामुळे केस जात नाहीत. लघवीला जळजळ होते, हाताला पुरळ येऊ शकतं. आम्लधर्मी लघवीत हे औषध लवकर निकामी होतं. म्हणून 2001 च्या एका चाचणीत डोस वाढवला, पाणी कमी प्यायला लावलं आणि सोडा देऊन लघवी अल्कधर्मी केली. पाच वर्षं कॅन्सर न उलटलेल्यांचं प्रमाण 24.6 वरून 41 टक्क्यांवर गेलं. सोडा होता तो केमोला टिकवायला! मनाने रोज सोडा घेणं मात्र किडनी, हृदय किंवा रक्तदाबाच्या पेशंटला महागात पडू शकतं.

‘ताप म्हणजे विष बाहेर पडतंय.’

बाकी सगळं एक वेळ हसण्यावारी न्या, हे नको. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काउंट खाली येतात. त्या काळात 38 डिग्री सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे जंतुसंसर्ग धरूनच चालायचं, आणि मूत्राशयाच्या पेशंटमध्ये तो लघवीच्या मार्गातूनही सहज होतो. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका. ताप उतरलेला दिसतो, संसर्ग तसाच वाढत राहतो. हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. म्हणून रात्रीचे दोन वाजले असले तरी तातडीच्या विभागात जा आणि नाव-वयाच्या आधी सांगा: ‘केमो चालू आहे, शेवटचा डोस या तारखेला झाला, आणि ताप आहे.’