नेल्या म्हणून वाचल्या?

‘बेनिनच्या ब्राँझ मूर्ती इंग्रजांनी नेल्या म्हणून वाचल्या. तिकडे धड संग्रहालय नाही, आणि ओतकामसुद्धा पोर्तुगीजांनीच शिकवलेलं.’ हा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय.

वाचल्या कशापासून? फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज फौज आजच्या नायजेरियातल्या बेनिन शहरात घुसली. राजवाडा लुटला, शहर आगीत गेलं, ओबा म्हणजे राजा ओव्होनरामवेन याची कालाबारला रवानगी झाली. लुटीतले कित्येक पितळी फलक (यांनाही ‘बेनिन ब्राँझ’च म्हणतात) मोहिमेचा खर्च भागवायला विकले. त्याआधी ते राजवाड्यात नीट होते. खांबांवर वरपासून खालपर्यंत जडवलेल्या अशा पत्र्यांचं वर्णन डॅपर या डच लेखकाने १६६८ मध्येच छापलं होतं. फलकांवर खिळ्यांची भोकं अजून दिसतात.

पोर्तुगीजांचं म्हणाल तर ते बेनिनला पोचले पंधराव्या शतकाच्या अखेरीस. नायजेरियातल्याच इग्बो-उक्वू या गावचं ओतकाम साधारण नवव्या शतकातलं. १९३८ मध्ये एका माणसाने अंगणात टाकीसाठी खड्डा खणला आणि ते हाती लागू लागलं. पुढच्या उत्खननात निघालेलं एक भांडं जरूर बघा: भोवती दोरीची जाळी, तिची गाठन् गाठ धातूत उतरलेली. हे मेण वितळवून ओतायचं तंत्र. पोर्तुगीजांनी आणली ती पितळेची कडी, म्हणजे कच्चा माल. बेनिनच्या ओतारांनी तो वितळवला आणि फलकांवर लांब केसांचे, दाढीवाले पोर्तुगीजच कोरून ठेवले! बेनिन शहरातल्या इगुन स्ट्रीटवर ओतारांच्या भट्ट्या आजही पेटतात.

संग्रहालयं? नायजेरियातच आहेत: जोस १९५२, लागोस १९५७, बेनिन शहर १९७३. ब्रिटिश म्युझियमने काही फलक नायजेरियाला चक्क विकले. स्वतःचाच माल, तोही पैसे मोजून. १९७७ च्या लागोसमधल्या महोत्सवासाठी बेनिनच्या राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा मागितला, तर तो उसनाही मिळाला नाही. (लंडनहून वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर आली, तेव्हा ‘उसनी का?’ असं आपणच विचारत होतो.) आणि जपणुकीचं काय सांगता? त्याच ब्रिटिश म्युझियममधून सुमारे २,००० वस्तू चोरीला गेल्याचं, गहाळ किंवा खराब झाल्याचं २०२३ मध्ये उघड झालं.

एक प्रश्न मात्र खरा आहे: परत आलेल्या वस्तू कुणाच्या ताब्यात? जर्मनीने २०२२ मध्ये हजाराहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने बेनिनच्या आजच्या ओबाला मालक ठरवलं आणि युरोपातली काही संग्रहालयं बिचकली. पण तो त्यांच्या घरातला वाद. तो मिटेपर्यंत माल लंडनने सांभाळावा, असं त्यांच्यापैकी कुणीच म्हणत नाही.