परसात टर्फ टाकू का म्हणून विचारणाऱ्यांसाठी

महिन्याभरात चार जणांनी फोन करून विचारलं, 'तुझ्याकडे मागच्या बाजूला खेळायचं टर्फ, म्हणजे प्लॅस्टिकचं गवत, टाकलंयस ना? कसं आहे? आम्हीही टाकू म्हणतोय.' तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सांगलीत आमच्या घरामागे ६० बाय २४ फुटांची जागा आहे. पूर्वी तिथे एक शेवगा, आईचं अळू, कपडे वाळत घालायच्या तारा आणि बाकी सगळी काळी माती. पोरं तासाला पैसे भरून गावाबाहेरच्या टर्फवर खेळायला जायची, त्यापेक्षा घरीच करू म्हटलं. दोन वर्षं झाली. पोरं खेळतात का? रोज खेळतात. गल्लीतलीही येतात. त्यामुळे पैसे पाण्यात गेले असं मी म्हणणार नाही. मात्र तेच पैसे दोनदा गेले, आणि ते माझ्या अकलेमुळे.

झालं असं की, आपण सगळे वरचं गवत निवडत बसतो. ४० मिलिमीटर उंच पात्यांचं घ्यावं की ५० चं, एकाच हिरव्या रंगाचं की दोन छटांचं. मी तर नमुन्याचे तुकडे घरी आणून आठवडाभर त्यांच्यावरून हात फिरवत होतो. खाली काय घालणार, हे मात्र कंत्राटदाराला एकदाही धड विचारलं नाही. त्याने वरवर माती खरवडली, खडी पसरली, छोटा रोलर फिरवला आणि तीन दिवसांत सगळं हिरवंगार करून गेला. शेजारच्या बांधकामावरचा गवंडी कुंपणावरून बघत होता. म्हणाला, 'सायेब, खाली काळी हाय. मुरूम भरल्याबिगार टिकायचं न्हाय.' मी हसून सोडून दिलं.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने हे विसरावं! पहिल्याच जुलैत मधोमध पोट आलं आणि कुंपणाच्या कडेला खळगा झाला. त्यात पाणी साचून बेडूक आले. टर्फच्या गुंडाळ्यांचे पट्टे शेजारीशेजारी अंथरतात आणि खालून टेप लावून गोंदाने जोडतात. जमीन हलली की आधी तो जोड सुटतो. आमचाही सुटला. पुतण्या रनआउट वाचवायला धावला, त्याच फटीत बूट अडकला आणि कोपर सोलून निघालं.

दिवाळीनंतर सगळं उचकटलं. दोन फूट काळी काढून टाकली. मुरूम थराथराने भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवला. वर खडी, त्यावर बारीक कच, शंभर फुटाला एक फूट उतार, कडेने छिद्रांचा पाइप आणि तो शोषखड्ड्यात सोडलेला. गवत तेच जुनं, धुऊन परत अंथरलं. यंदाच्या पावसात एक थेंब थांबला नाही. तेव्हा कुणाकडूनही कोटेशन घ्याल तर खालच्या कामाचं आधी बघा. गवत म्हणजे वरची चादर.

आता उन्हाचं. या गवताचं नाव झालं तेच मुळी सावलीत. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ साली छत असलेलं बेसबॉलचं स्टेडियम उघडलं, ॲस्ट्रोडोम. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झळाळीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. मग ऊन मिळेना म्हणून खालचं खरं गवत मेलं, आणि १९६६ साली तिथे प्लॅस्टिकचं अंथरलं. ॲस्ट्रोटर्फ हे नाव तिथलंच. म्हणजे ऊन नव्हतं म्हणून आणलेली वस्तू आपण एप्रिलच्या सांगलीत उघड्यावर टाकतो! दुपारी बारा ते पाच त्यावर अनवाणी पाऊल ठेवून दाखवा. पहिल्या उन्हाळ्यात मी पाइपने पाणी मारत होतो, तर आई दारातून म्हणाली, 'अरे, प्लॅस्टिकला पाणी घालतोस? उगवणार आहे काय?' हॉकीच्या टर्फला घालतात म्हणून सांगितलं, तर तिने फक्त बघितलं. अर्ध्या तासात टर्फ पुन्हा तापलंच. हल्ली त्या वेळेला ती तिथे बाज टाकून कुरडया वाळवते. मला तरी तो त्या वेळचा सर्वांत चांगला उपयोग वाटतो.

गवत ताठ राहावं म्हणून पात्यांत सिलिका वाळू आणि रबराचे काळे दाणे भरतात. दाणे म्हणजे जुन्या टायरांचा चुरा. ते दाणे मोज्यांतून घरात, वॉशिंग मशिनच्या जाळीत आणि एकदा तर वरणात सापडले. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमात मायक्रोप्लॅस्टिकच्या कारणावरून या दाण्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे, ती आठ वर्षांची मुदत देऊन २०३१ पासून. दुसऱ्या वेळी मी नुसती वाळू भरून घेतली. चेंडू थोडा कमी उसळतो, पण कुणाची तक्रार नाही.

आणि 'एकाच टर्फवर सगळे खेळ' या बोलण्याला भुलू नका. पिकलबॉल म्हणजे प्लॅस्टिकच्या चेंडूचा टेनिससारखा खेळ; उंच पात्यांवर त्याचा चेंडू मरतो, त्याला काँक्रीटच बरं. क्रिकेटची खेळपट्टीच ६६ फुटांची, आमची अख्खी जागा ६० ची. म्हणून आमच्याकडे अंडरआर्म, भिंतीपलीकडे थेट गेला तर आउट, आणि रात्री नऊला दिवे बंद. हा शेवटचा नियम शेजारच्या काकूंनी घातला, आणि मोडायची कुणाची छाती नाही.

आता पुन्हा करायचं झालं तर मी या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत टर्फ टाकणार नाही. शेवग्याखालचा दहा फुटांचा पट्टा मी मागच्या महिन्यात कापून मोकळा केला. शेवग्याची ती बारीक पानं टर्फमध्ये अशी अडकतात की ना झाडूने निघतात ना हाताने, आणि पावसाळ्यात त्या सावलीत शेवाळ धरतं. तिथे आता परत अळू आहे. चेंडू अळूत गेला तर दोन धावा, असं पोरांनी ठरवलंय.

ज्यांना बघायचंय त्यांनी संध्याकाळी साडेपाचनंतर या, आधी नको. आणि जाताना मोजे झटकून जा. पहिल्या खेपेचे दाणे अजून निघतायत, घरी बोलणी तुम्हाला बसतील.