पिनांची चूक आमची, पाकिटाची नाही

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. "95 रुपयांत लॅपटॉपचं कव्हर होतं असं सांगून स्टेशनरी गळ्यात मारली, दोन आठवड्यांत झाकणावर ओरखडे आले, आणि विचारायला गेले तर मालक म्हणाले तुम्हीच नीट केलं नसेल" असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आमच्या स्टेशनरीच्या दुकानातून पाकीट, बबल रॅप, टेप आणि वेल्क्रो नेऊन केलेलं ते कव्हर. शेवटचं वाक्य मी बोललो होतो, खरं आहे. काउंटरवर गर्दी होती, पण म्हणून गिऱ्हाइकाला असं बोलायचं नसतं. माफ करा.

तुम्ही टाकलेला फोटो त्या रात्री मोठा करून पाहिला. झाकणाच्या कडेला दोन-दोन समांतर रेघा, मधे नखाएवढं अंतर. स्टेपलरची दहा नंबरची पिन शेजारी ठेवली, अंतर तंतोतंत जुळलं. दुकानातल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "बबल रॅप आतून सरकत होता, म्हणून मीच त्यांना तोंडाशी चार पिना मारायला सांगितल्या." बाहेरून मारलेल्या पिनेचे पाय आत निघतात. कापडी अस्तर आणि वर बबल रॅप, एवढ्या जाडीत ते पुरते वळतही नाहीत, उभेच राहतात. लॅपटॉप आत घालताना एकदा, काढताना एकदा. दोन आठवडे पुष्कळ झाले.

म्हणजे चूक आमचीच. पण तुम्ही त्या कव्हरला "रद्दीतला टाकाऊ जुगाड" म्हणालात, हे मात्र पटलं नाही. माझा बिलं करायचा लॅपटॉप तीन वर्षं अशाच पाकिटात घरी जातो-येतो.

बिल तुम्ही पूर्ण लिहिलं नाहीत, मी लिहितो: कापडी अस्तराचं 16 बाय 12 इंचांचं पाकीट 30, मीटरभर बबल रॅप 25, कापडी बाइंडिंग टेप 30, वेल्क्रो 10. कोर्टाची आणि सरकारी कागदपत्रं ज्यात जातात तेच हे पाकीट. साधं खाकी पाकीट कोपऱ्यात पहिल्या आठवड्यात फाटतं, याचा कागद फाटला तरी कापड धरून ठेवतं.

आमची दुसरी चूक मापाची. तुमचा लॅपटॉप 14 इंची. हे इंच स्क्रीनच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. अंगाने तो साधारण 32 बाय 22 सेंटिमीटर भरतो, आणि 16 इंची पाकीट 40 सेंटिमीटरच्या वर. म्हणून तो आत खुळखुळत होता. तुम्ही पाकीट मागितलंत तेव्हाच मुलाने पट्टी काढायला हवी होती. उरलेला भाग आत दुमडून चिकटवायचा, म्हणजे तळाला जाड गादी होते आणि टेकवताना दणका तिथेच जिरतो. बबल रॅपला कडेने बाइंडिंग टेप लावायची. ब्राऊन टेप आत नको, उन्हाने तिचा गोंद पाघळतो आणि झाकणाला चिकटतो.

आणखी एक, हे मुलाने सांगितलं की नाही माहीत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करूनच आत ठेवा, नुसतं झाकण मिटून नाही. बबल रॅपमध्ये उष्णता कोंडते.

ओरखड्यांपासून आणि बॅगेतल्या चार्जरच्या टोचणीपासून हे पाकीट वाचवतं. जिन्यावरून पडला तर वाचवणार नाही, आणि तोंडाकडून पावसाचं पाणी आत जातंच. हे आधीच सांगायला हवं होतं. 2008च्या जानेवारीत ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सने सॅन फ्रान्सिस्कोत पहिला मॅकबुक एअर लॅपटॉप ऑफिसच्या दोरीवाल्या पाकिटातून काढून दाखवला, तेव्हापासून पोरं आमच्याकडे "तसलं पाकीट" मागतात. त्याला फक्त मशीन किती पातळ आहे ते दाखवायचं होतं, रिक्षातून कर्वेनगरला न्यायचं नव्हतं.

ओरखडे मला पुसता येणार नाहीत. झाकणावर चिकटवायचं स्किन, म्हणजे पातळ आवरण, शेजारच्या मोबाइलच्या दुकानातून पसंत करा, पैसे मी देतो. पाकीटही नवीन करून देतो, पिनांशिवाय. स्टार बदला असं म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

संध्याकाळी पाचनंतर या, मी स्वतः असतो. येताना लॅपटॉप आणा, या वेळी मोजूनच कापू.