उस्तादजींचे खाके आणि पॅरिसचे खण

परवा आमच्या क्लासच्या ग्रुपवर कुणीतरी पुन्हा होळकरांच्या हिऱ्यांचा मेसेज टाकला. इंदूरच्या तुकोजीरावांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून घेतलेले नासपतीच्या आकाराचे ते दोन हिरे. गोष्ट खरी आहे आणि छानही आहे. पण पॅरिसच्या दागिन्यांच्या-कपड्यांच्या मोठ्या घराण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं कायम गिऱ्हाइकापासून सुरू होतं. कोणत्या राजाने काय घेतलं, कितीला घेतलं. ते बनवलं कुणी, इथपर्यंत गाडी पोचतच नाही. मी अठरा वर्षं ठाण्यात आरीकामाचे, म्हणजे आकड्याच्या सुईने करायच्या भरतकामाचे, क्लास घेते, त्यामुळे मला दुसऱ्या टोकाकडून बोलायचंय. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

गेल्या वर्षी भाचीकडे पॅरिसला गेले होते. तिने विचारलं, "मावशी, आधी आयफेल टॉवर की लूव्र?" मी म्हटलं, आधी ट्रामने पोर्त द'ओबरव्हिलिए. तिथे शहराच्या अगदी कडेला शनेल या फॅशनच्या घराण्याने 'ल दिझनफ एम' नावाची इमारत बांधली आहे, २०२२ मध्ये उघडली. बाहेरून पांढऱ्या काँक्रीटचे उभे धागे ओढल्यासारखी दिसते. आत भरतकाम, पिसांचं काम, टोप्या, बूट, चुण्या घालणारे असे सहाशे-सातशे कारागीर बसतात. कारखान्यात आपल्याला सोडत नाहीत, पण खाली गॅलरी आहे, ती सगळ्यांसाठी खुली असते. तिथे हाताने करून बघण्याचे वर्ग होतात, त्यातल्या एकात मी बसले.

माझ्या हातात दिली ती ल्युनेव्हिलची सुई, फ्रान्समधल्या एका गावाच्या नावाची. लाकडी मूठ, टोकाला बारीक आकडा, बाजूला एक छोटा स्क्रू. आकडा कोणत्या बाजूला वळलाय ते त्या स्क्रूवरून बोटांना कळतं, बघावं लागत नाही. मी पहिला साखळी टाका घातला आणि घशाशी आवंढा आला. आमचीच आरी हो ती! अठराव्या शतकात ही आकड्याची सुई पूर्वेकडून, आपल्या भागातून, युरोपात गेली असं भरतकामाचे जाणकार सांगतात. फरक एवढाच की आपण कापडाच्या सुलट बाजूने बसतो आणि मणी सुईवर घेऊन टाका मारतो. ते आधी सगळे मणी दोऱ्यात ओवून घेतात आणि उलट बाजूने काम करतात. मणी खालच्या अंगाला बसत जातात, काम करणारीला दिसते ती फक्त साखळी. सगळं भरून होईपर्यंत सुलट बाजू बघायचीच नाही. मला ते फार अवघड गेलं.

नक्षी उतरवायची रीतही तीच. कागदावर रेघ काढायची, रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची आणि वरून पूड चोळायची. आपण रॉकेलमध्ये कालवून पुसतो, ते कोरडी चोळतात. त्या कागदाला आपण खाका म्हणतो. शिकवणाऱ्या बाईंनी तो कागद उजेडासमोर धरला, भोकांतून उजेड आला, आणि मला कुर्ल्याचा माळा आठवला. त्याबद्दल पुढे लिहिते.

पॅरिसच्या भरतकामातलं सगळ्यात मोठं नाव लसाज. मूळचा कारखाना मिशोने नावाच्या माणसाचा, १८५८ पासूनचा. १९२४ मध्ये अल्बेर आणि मारी-लुईझ लसाज या जोडप्याने तो घेतला. वडील गेल्यावर १९४९ मध्ये विशीतल्या मुलाने, फ्रांस्वाने, सूत्रं हातात घेतली ती २०११ मध्ये जाईपर्यंत. डिझायनर इव्ह सां लोराँचं १९८८ चं ते व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांचं जॅकेट तुम्ही फोटोत पाहिलं असेल. ते भरलं लसाजने. एका जॅकेटला ६०० तास लागले असं सांगतात. रोज आठ तास धरले तर एका माणसाचे पंचाहत्तर दिवस. आपल्या ब्राइडल ब्लाउजला चार दिवस लागले तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, हे तुम्हाला सांगायला नको.

पण मला खरी असूया वाटते ती त्यांच्या नमुन्यांची. लसाजकडे सुमारे ७५,००० नमुने जपून ठेवलेले आहेत, मिशोनेच्या काळापासूनचे. खणांमध्ये, नीट, क्रमवार. नवीन डिझायनर आला की आधी ते खण उघडतात. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एका पानाची शीर कशी भरली होती ते आजची मुलगी काढून बघते, हात लावते आणि तिथून पुढे जाते.

हे सगळं आपोआप टिकलं असं समजू नका. १९४६ मध्ये पॅरिसमध्ये हाताने, मापावर कपडे शिवणारी शंभरावर घराणी होती, आज अधिकृत यादीत डझन-दीड डझन उरली आहेत. घराणी बंद पडली तसे त्यांना माल पुरवणारे छोटे कारखानेही बसले. मालक म्हातारे झाले, मुलांना त्यात यायचं नव्हतं. मग शनेलने एकेक कारखाना विकत घ्यायला सुरुवात केली. १९८५ मध्ये बटणांचा देरू, १९९६ मध्ये पिसांचा लमारिए, २००२ मध्ये लसाज आणि बुटांचा मासारो, २०१३ मध्ये चुण्यांचा लोन्यों. यात दान-धर्म नाही हे मलाही कळतं, त्यांच्या कपड्यांना कॅमेलियाची (त्यांची खूण असलेली) फुलं आणि बटणं लागतातच. पण एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली. हे कारखाने दुसऱ्या घराण्यांचं कामही घेतात, अगदी शनेलच्या स्पर्धकांचंही. फक्त मालकाचंच काम करणाऱ्या कारागिराचा हात एका चवीचा होऊन जातो, हे मी इथे पाहिलंय.

लोन्योंबद्दल दोन ओळी लिहितेच, कारण नऊवारीच्या निऱ्या घालणाऱ्या प्रत्येकीला ते कळेल. जाड कागदाचे दोन साचे असतात, एकात एक बसणारे, पंख्यासारखी घडी पडलेले. दोघं जण समोरासमोर उभं राहून साचा ताणून उघडतात, मध्ये कापड पसरतात, वर दुसरा साचा ठेवतात आणि दोघांचे हात एका लयीत घडी मिटत आणतात. मग घट्ट बांधून वाफेवर. साचा उघडला की कापडाने घडी धरलेली असते. एकाचा हात पुढे-मागे झाला की चुणी तिरकी गेलीच. या घराण्याची सुरुवात एका इस्त्रीवालीने केली, एमिली लोन्यों. सम्राज्ञी युजेनीचे कपडे ती इस्त्री करायची.

सरकारही मागे उभं आहे. 'ओत कुत्यूर' (मापावर, हाताने शिवलेले उंची कपडे) हे शब्द तिथे १९४५ पासून कायद्याने राखलेले आहेत, कुणीही उठून पाटीवर लिहू शकत नाही. १९९४ पासून 'मेत्र दार' म्हणजे कलेतला गुरू असा किताब देतात, आणि त्यात मला सगळ्यात आवडलेली अट म्हणजे किताब घेणाऱ्याने शिष्य तयार करायचा. तीन वर्षं त्याला शिकवायचं, त्यासाठी सरकार पैसे देतं. आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा भाड्याच्या चिंतेत.

आता कुर्ला. मी आरी शिकले ती तिथल्या एका माळ्यावर. दोन अड्डे (कापड ताणून बसवायच्या लाकडी चौकटी), सहा-सात कारागीर, सगळे उत्तर प्रदेश-बिहारचे, आणि मधे आमचे उस्तादजी. बाईमाणसाला शिकवायला आधी तयार नव्हते, मी दोन महिने नुसती सुतं सुटी करत बसले तेव्हा हातात आरी दिली. काम बहुतेक एक्स्पोर्टचं. नमुना पाठवायचा, पसंत पडला तर ऑर्डर. तो कोणासाठी होता ते उस्तादजींनाही कळायचं नाही, मधे दोन-तीन दलाल असायचे. एकदा त्यांनी चार इंचांचं एक पान अकरा तऱ्हांनी भरलं होतं. दबका, नक्शी (गुंडाळलेल्या तारेची), कटदाणा (मण्यांचा), टिकली उभी, टिकली आडवी. अकरापैकी एक पसंत झालं. उरलेली दहा त्यांनी जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि मला म्हणाले, "ये फेंकना नहीं, बेटा."

२०२० मध्ये ते गावी गेले आणि तिथेच वारले. मुलांनी माळा रिकामा केला, भाडं चढत होतं, त्यांना दोष कसा देऊ. मी पोचले तेव्हा खाक्यांची चाळीस वर्षांची भेंडोळी रद्दीत गेलेली होती. डबाही. जे शिल्लक आहे ते माझ्या बोटांत आहे, आणि मी काही त्यांच्यासारखी उस्ताद नाही.

म्हणून ३० मार्च २०२३ ला गेटवे ऑफ इंडियासमोर दिऑर या पॅरिसच्या घराण्याचा फॅशन शो झाला आणि मुंबईच्या 'चाणक्य' या भरतकाम करणाऱ्या संस्थेचं नाव उघडपणे घेतलं गेलं, तेव्हा मी मोबाइलसमोर रडले होते. इतकी वर्षं मुंबईचे अड्डे पॅरिस-मिलानसाठी भरताहेत, आणि नाव क्वचितच कुणी घेतलं. लेबलचा नियमही असा की कपड्याला शेवटचं महत्त्वाचं रूप ज्या देशात मिळतं त्या देशाचं नाव लागतं. म्हणजे भरलेला तुकडा मुंबईहून गेला आणि शिवण तिकडे झाली, तर लेबलवर फ्रान्स. कायदेशीर आहे. पण स्वतःच्या लसाजसाठी आणि लोन्योंसाठी जीव टाकणाऱ्या लोकांनी आमच्या हाताचंही नाव लेबलवर लिहावं, हे मागणं मला अजिबात जास्त वाटत नाही. वारसा, वारसा म्हणून जो सांगितला जातो त्यात मुंबईतल्या मदनपुऱ्याचा आणि कुर्ल्याचाही वाटा आहे.

परत आल्यावर मी एक काम सुरू केलंय. जुन्या होमिओपॅथीच्या दवाखान्यातलं छोट्या खणांचं कपाट घेतलं, बत्तीस खण आहेत. क्लासमध्ये भरलेला प्रत्येक चांगला नमुना त्यात जातो. मागच्या बाजूला कापडी पट्टी शिवून त्यावर लिहायचं: कुणी भरलं, कधी, किती तास लागले. आजपर्यंत २१४ झालेत. उस्तादजींची अकरा पानं आठवून भरतेय, सात जमली, चार आठवत नाहीत.

कुर्ला, मदनपुरा, धारावी, कुठल्याही कारखान्याचे जुने खाके किंवा नमुने तुमच्या ओळखीत कुणाकडे पडून असतील तर रद्दीत देऊ नका. मला मेसेज करा. फाटके, तेलकट, अर्धवट, कसेही चालतील. रविवारी क्लास नसतो, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.