बेशरमाच्या बेटात

मागच्या रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, आमच्या गावालगतच्या पाझर तलावाच्या पूर्वेकडील कोपऱ्यात, बेशरमाच्या दाट झुडपांमध्ये मी छातीइतक्या पाण्यात उभा होतो आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पालथा पडून हातांनी पाणी मारत आलेला, माझ्याच शाळेतील सातवी ब चा एक विद्यार्थी मला अत्यंत आदराने विचारत होता, "सर, आधी तुम्हाला नेऊ का छत्रीला?"

ती छत्री नव्हती, विंग होती. तरीही "आधी छत्रीला ने" असेच उत्तर मी दिले, कारण ती भाच्याची होती आणि तिच्या किमतीत आमच्याकडे बरी दुभती म्हैस येते.

विंग फॉइलिंग ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हवा भरून ताठ केलेल्या कण्याचा एक मोठा कापडी पंख, म्हणजेच विंग, हातात धरायचा आणि पाण्यावरच्या बोर्डवर उभे राहायचे. त्या बोर्डच्या पोटाला पाऊण मीटरचा एक दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला, पाण्याखाली, विमानासारखे लहान पंख जोडलेले असतात. हे झाले फॉइल. वाऱ्याने वेग आला की ते पंख बोर्डला पाण्याबाहेर उचलून धरतात आणि माणूस पृष्ठभागापासून हातभर उंचीवरून, आवाज न करता, सरकत जातो. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असते, म्हणूनच क्षेत्रफळाने कणीक मळायच्या मोठ्या परातीएवढा असलेला पंख माझ्यासारख्या 84 किलोच्या गणिताच्या शिक्षकाला उचलू शकतो. हे गणित मला पाठ होते. अडचण गणितात कधीच नव्हती.

भाचा समुद्रकाठी नोकरीला असतो. त्याने खोली बदलली, नव्या खोलीत जागा नव्हती, म्हणून हे सगळे सामान आमच्या माडीवर आले आणि सामानापाठोपाठ त्याचा एक लांबलचक संदेश आला. पहिले काही दिवस नुसती विंग घेऊन जमिनीवर उभे राहायचे. मग फॉइल नसलेल्या रुंद, स्थिर बोर्डवर गुडघे टेकून आडव्या वाऱ्यात जायचे आणि जिथून निघालो तिथेच परत यायला शिकायचे. वारा पडला किंवा काही तुटले तर बोर्डवर पालथे पडून हातांनी वल्हवत काठ गाठायचा सराव करायचा. फॉइलची ओळख वेगळी, होडीमागे दोरी धरून करून घ्यायची. या सर्वांनंतरच विंग आणि फॉइल एकत्र आणायचे, आणि वळणे तर त्याच्याही नंतर. शेवटी त्याने लिहिले होते, "मामा, क्रम मोडू नका."

बावीस वर्षे मी मुलांना हेच सांगत आलो आहे. उत्तर बरोबर असले तरी मधल्या पायऱ्या लिहिल्या नसतील तर मी गुण कापतो आणि त्याबद्दल पालकांची बोलणी खातो. तरीही मी सरळ शेवटच्या पायरीवर उडी घेतली, त्याला सबळ कारण होते. रुंद बोर्ड माझ्याकडे नव्हता आणि होडी आमच्या पंचक्रोशीत नव्हती. त्याहून मोठे कारण म्हणजे मराठवाड्यात वारा आणि पाणी यांचे कधी पटलेलेच नाही. वारा सुटतो ज्येष्ठ-आषाढात. आमच्या बालाघाटाच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पण तेव्हा तलावात भेगाळलेली माती आणि मधोमध एखादे डबके असते. तलाव भरतात भाद्रपदात, तेव्हा वाऱ्याने झाडाचे पान हलत नाही. गेल्या सप्टेंबरात जो पाऊस कोसळला त्याने पुष्कळांची शेते खरवडून नेली, पण तलावात मात्र यंदाच्या जूनपर्यंत पुरेल इतके पाणी राहिले. वारा आणि पाणी एकाच रविवारी हजर असण्याचा हा योग पुन्हा कधी येणार होता? पहिल्या पायरीवर तो वाया घालवणे मला परवडणारे नव्हते.

तलावावर माझ्याआधी आबा बसलेले होते. आबांचे वय पंचाहत्तरच्या पुढे असावे. रोज सकाळी ते दोन म्हशी पाण्यात सोडतात आणि स्वतः बांधावरच्या बाभळीखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. मी विंगमध्ये पंपाने हवा भरू लागलो तेव्हा ते उठून आले, काठी टेकून उभे राहिले आणि दहा-बारा दट्टे होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

"काय करायलाव हे, सर?"

"हवा भरतोय, आबा."

"ते दिसायलंय. कामून भरायलाव?"

मी सांगितले की या पंखाच्या कण्यात हवा भरली की तो ताठ होतो, मग त्यात वारा धरायचा आणि पाण्यावरून जायचे.

"कुठं जायचं?"

या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती. "पलीकडे," मी म्हणालो.

"पलीकडं कुणाकडं काम हाय?"

"काम नाही. जायचे आणि परत यायचे."

आबांनी त्यावर बराच वेळ विचार केला. मग काठीच्या टोकाने विंगचा फुगलेला कणा अलगद दाबून पाहिला. माझ्या काळजाचा ठोका चुकला, कारण काठीच्या टोकाला काय लागलेले असेल याचा आमच्याकडे भरवसा नसतो. "ट्यूबच हाय की," ते म्हणाले. "काटा लागला तर? हितं समद्या बाभळीच हायेत." मी खाली सतरंजी अंथरलेली होती, ती त्यांना दाखवली. सतरंजी पाहून त्यांना एकाएकी माझी काळजी वाटू लागली असावी. "घरी सांगून आलाव न्हवं?" त्यांनी विचारले.

मी फॉइल बोर्डला जोडत असताना त्यांची नजर त्या धारदार पंखांवर गेली. हे पाण्याखाली राहणार का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणताच त्यांनी दोन्ही म्हशींना हाका मारून बाहेर काढायला सुरुवात केली. ऊन तापू लागले की आमच्याकडची म्हैस सहज पाण्याबाहेर येत नाही. या कार्यक्रमाला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात शेळ्यांमागची तीन पोरे, दुधाच्या कॅनसह एक मोटारसायकल आणि कुठे तरी लग्नाला निघालेले एक संपूर्ण कुटुंब बांधावर येऊन थांबले. म्हशी ओल्या अंगाने माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि त्या सर्वांमध्ये माझ्याविषयीचे खरे मत केवळ त्या दोघींनीच मनात ठेवले होते, बाकी सर्वांनी ते बोलून दाखवले.

"सोळा साली लातूरला रेल्वेनं पानी आणलं, ध्यानात हाय का?" आबा निवांतपणे म्हणाले. मला आठवत होते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत नावाची गाडी आली होती आणि पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी उतरले होते, कारण मांजरा धरण कोरडे पडले होते. "तवा हंड्यासाठी लोकं रात-रात जागले. आन आता तुमी त्येच्यावर उभं राहून पलीकडं जायलाव, काम नसताना." त्यांनी हे रागाने म्हटले नाही, म्हणूनच ते अधिक लागले. मी भाच्याचे हेल्मेट सापडले नाही म्हणून आणलेले स्वतःचे स्कूटरचे हेल्मेट डोक्यावर चढवले, जीवरक्षक जाकिटाचे पट्टे आवळले आणि त्यांना पाठ करून पाण्यात शिरलो.

पुढचा भाग मी लवकर उरकतो. गुडघ्यांवर बसलो, ते जमले. विंग डोक्यावर धरली, तिने वारा घेतला, मी एक पाय पुढे टाकून उभा राहिलो, आणि खरे सांगतो, तीन सेकंद मी पाण्याला टेकलेला नव्हतो. बोर्डखालचा खळखळाट एकदम थांबला. रात्री वीज गेल्यावर पंखा बंद पडून जशी शांतता होते तशी शांतता झाली. त्या शांततेने मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केले, मागे रेललो. फॉइलवर मागच्या पायावर भार पडला की नाक वर जाते. ते गेले, फॉइल पाण्याबाहेर डोकावले, डोकावताच त्याची उचलण्याची शक्ती संपली, आणि मी फॉइलपासून दूर पडावे एवढे एक शहाणपण वगळता बाकी सर्व विसरून पाण्यात गेलो. स्कूटरच्या हेल्मेटात पाणी शिरते, आणि हनुवटीचा पट्टा सुटेपर्यंत ते बाहेर येत नाही.

पडल्याचे मला काहीच वाटले नसते. लाज परत न येण्याची होती. पुन्हा उभा राहिलो, पुन्हा पडलो, आणि दर वेळी वाऱ्याने मला वीस-पंचवीस पावले पूर्वेकडे नेले. वाऱ्याच्या तोंडाकडे तिरके कसे सरकायचे हे दुसऱ्या पायरीवर शिकायचे असते. मागचा हात सोडला की विंगमधला वारा निघून जातो आणि ती झेंड्यासारखी गुमान फडफडत राहते, हे तर पहिल्याच पायरीवर, जमिनीवर कळते. मी मात्र बुडत्याने काडी धरावी तशी दोन्ही हातांनी विंग घट्ट धरून ठेवली होती, आणि जितकी घट्ट धरावी तितकी ती मला ओढत होती. अशा रीतीने कार्यक्रम त्या कोपऱ्यात, बेशरमाच्या बेटात येऊन संपला. हे झुडूप कुठेही उगवते, उपटले तरी पुन्हा येते आणि त्याची जांभळट फुले दिसायला फार सुरेख असतात. इतक्या जवळून आणि इतका वेळ ती मी पूर्वी पाहिली नव्हती.

मुलाने आधी विंग नेली, मग बोर्ड, मग मला. मी ट्यूब धरून मागे लोंबकळत असताना बांधावरून कोणी तरी फोटो काढला. तो दुपारपर्यंत आमच्या शिक्षकांच्या गटावर आला. फोटोखाली सहकाऱ्यांनी विद्यार्थ्याच्या धाडसाचे कौतुक केले होते. एकानेही माझी चौकशी केली नव्हती. सोमवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी त्या मुलाला पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या, आणि टाळ्या मलाही वाजवाव्या लागल्या.

काठावर अंग पुसत असताना आबा जवळ येऊन बसले. "सर, तुमी गोऱ्हा कवा औताला धरलाव का?" मी धरलेला नव्हता. मग त्यांनी मला शिकवले. गोऱ्ह्याला पहिल्यांदा वेसणीची ओळख करून द्यायची, दुसरे काही नाही. मग जुन्या, शहाण्या बैलाशेजारी त्याच्या मानेवर मोकळे जू ठेवायचे आणि दोघांना नुसते हिंडवायचे. मग मागे एखादा ओंडका बांधायचा. तो ओढू लागला की भुसभुशीत रानात वखर. तिफण सगळ्यात शेवटी, कारण पेरणीत तास वाकडे गेले तर ते वर्षभर दिसते. "आन तासाच्या टोकाला वळायचं त्येच्याबी नंतर. पर समद्यांच्या आधी काय? हो म्हणलं की थांबलं पाहिजे. तुमी थांबायचं शिकलाच न्हाई."

भाच्याचा संदेश माझ्या खिशात, भिजलेल्या मोबाइलमध्ये होता. हा माणूस तोच संदेश, समुद्र न पाहता, बैलाच्या भाषेत मला वाचून दाखवत होता. राग आला तो याचाच. चूक दाखवली म्हणून नव्हे, दाखवणाऱ्याने पुस्तक उघडलेले नव्हते म्हणून.

आणि दुसराही एक राग आहे, तो इथे लिहूनच टाकतो. आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी आधी सिमेंटचा रस्ता झाला, मग नळाच्या पाइपासाठी तोच रस्ता फोडला. मग दारोदारी तोट्या बसल्या, मग तोट्यांचे फोटो काढून नेण्यात आले, आणि ज्या टाकीतून पाणी यायचे त्या टाकीचा पाया अजून खोदून पडलेला आहे. त्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचते आणि पोरे बेडूक धरतात. तिथे शेवटची पायरी पहिली घेणाऱ्यांना कोणी बेशरमात उभे केलेले मी पाहिले नाही, की त्यांचा ओला फोटो कुठल्या गटावर आलेला नाही. क्रम मोडल्याबद्दल या तालुक्यात आजवर शिक्षा झालेला मी एकटाच आहे.

असो. या रविवारी मी बोर्ड आणि फॉइल माडीवरच ठेवले आणि नुसती विंग घेऊन आबांच्या पडीक रानात गेलो. तलाव तिथून अर्धा किलोमीटर लांब आहे. तासभर मी ढेकळांत उभा राहून मागचा हात आवळत होतो, सोडत होतो. आवळला की विंग खांद्यातून ओढायची, सोडला की निमूट फडफडायची. आबा धुऱ्यावर बसून दर थोड्या वेळाने "हो, हो" म्हणत होते. ते मला उद्देशून होते की चरणाऱ्या म्हशीला, याची खात्री मी करून घेतली नाही.

इतक्यात पांदीतून तो सातवी ब चा मुलगा येताना दिसला. त्याच्या गळ्यात ट्यूब होती. मी त्याला सांगितले की आज पाण्यात जायचे नाही, इथे जवळपास पाणीही नाही.

"असू द्या सर," तो म्हणाला आणि ट्यूब खाली ठेवून तिच्यावर मांडी घालून बसला. "तुमचं काय सांगता येतंय."